बिनआवाजाचं कार्ड

संगणकाच्या कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू तिने दातांत धरला आणि लाल कार्ड दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसं, हळूच खाचेत बसवलं. खट् असं वाजलं तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. दुसरं कार्ड, काळं, पलंगावर आपल्या खोक्यात नंबर लागायची वाट पाहत पडलं होतं.

दुकानदाराने दोन्ही कार्डं एका दिवसाच्या बोलीवर दिली होती. वापरून बघा, संध्याकाळी एक परत पाठवा, म्हणाला होता. जुनं गिऱ्हाईक म्हणून एवढी मोकळीक, नाहीतर खोकं फोडलं की वस्तू आपली झाली म्हणायची. तिचा उद्योग न बांधलेल्या इमारती दाखवण्याचा होता. भिंती उभ्या राहण्याआधीच ती माणसांना पडद्यावर आतून फिरवून आणायची. सध्या एका वाचनालयाचं काम आलं होतं. वर सगळं काचेचं छत, त्याखाली झाडंच झाडं, आणि काचेतून उतरणारं ऊन प्रत्येक पानावर खरं वाटायला हवं. आधीच्या ग्राफिक्स कार्डाने या झाडांपुढे हात टेकले आणि दोन दिवसांत जीवच सोडला.

ते गेल्याचं तिला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. चित्र तयार करायला घेतलं की त्याचे पंखे असे काही गरजायचे की घरभर ऐकू जायचं. सासूबाईंनी त्याचं नाव भांडकुदळ ठेवलं होतं. "उठलं का तुझं भांडकुदळ?" असं त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या आणि हिला उगाच अपराध्यासारखं व्हायचं.

सासूबाईंचं बोलणं तिखट होतं. पण हिने नोकरी सोडून घरात बसून काम करायचं ठरवलं, तेव्हा नात्यागोत्यातले सगळे नाकं मुरडत असताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "करू दे तिला." पुढे कोणी तो विषय काढला नाही. त्या तीन शब्दांवर हिचा सगळा संसार-धंदा उभा होता, आणि हिने त्याबद्दल कधी आभार मानले नव्हते. सासूबाईंना असलं काही बोललं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. म्हणून या वेळी हिने मनाशी ठरवलं होतं: वेग थोडा कमी असला तरी चालेल, पण कार्ड शांत हवं. म्हातारपणी त्यांच्या कानांना तेवढाच आराम.

आधी लालची परीक्षा. तिने झाडं निम्मी करून वाचनालयाचं एक चित्र लावलं. पंखे फिरू लागले, मग गरजू लागले, अगदी जुन्याच्या वळणावर. वेग मात्र मानायला हवा होता. पाहता पाहता काचेवर ऊन आलं, जमिनीवर सावल्या पसरल्या, चित्र पूर्ण झालं आणि पंखे उतरू लागले. तेवढ्यात कोपराने दार ढकलून सासूबाई आत आल्या. हातात वाफाळता चहा.

"झालं ना?"

"हो, आत्ताच. तुमची वेळ कशी बरोबर साधते हो, आई?"

"साधते झालं," म्हणून त्या गेल्या.

चहा पिऊन तिने सगळी झाडं लावली. लालची मेमरी कमी पडली. चित्र अर्ध्यावर असताना प्रोग्रॅम बंद पडला आणि पडद्यावर एक कोरडी सूचना उरली.

मग काळं. लांबलचक, जड, तीन पंख्यांचं धूड. ते बसवताना तिला दोन वायरी सरकवाव्या लागल्या. निम्म्या झाडांचं चित्र त्याने जरा सावकाश केलं, पण सगळी झाडं लावली तेव्हाही ते कुरकुरलं नाही. मेमरी भरपूर होती. आणि आवाज? तिने कॅबिनेटला कान लावून पाहिला. नाहीच. ती एकटीच हसली. निकाल लागला होता.

पण त्या दुपारी तिला कामाला काही बसता येईना. आधी सासूबाई चाळणी कुठे ठेवलीस म्हणून विचारायला आल्या. मग शेजारच्या काकू थेट आत येऊन खोक्याला खेटून पलंगावर बसल्या आणि गुडघ्याचं दुखणं अथपासून इतिपर्यंत सांगून गेल्या. स्वयंपाकघरात रेडिओ ठणाणा करत होता. पुन्हा सासूबाई, सुई-दोरा घेऊन. "एवढा ओवून दे गं." या सगळ्यात पडद्यावरच्या कॅमेऱ्याचा एक आकडा चुकला आणि वाचनालयातून फिरता फिरता पाहुणा सरळ भिंतीत शिरला. तिने सगळं पुन्हा लावलं. चित्र पूर्ण झालं. ती सवयीने दाराकडे बघत राहिली. कोणी आलं नाही.

शेवटी तीच उठून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई अंदाजाने भेंडी चिरत होत्या. हल्ली त्यांना हातातलंच धड दिसत नसे, भिंतीवरचं घड्याळ तर नाहीच.

"आई, चहा नाही का आज?"

"तुझं झालं की टाकते. बसणार कधी आहेस कामाला?"

"मघापासून बसलेय. झालंसुद्धा."

सुरी थांबली. "झालं? मग आवाज कुठे आला?"

"नव्या कार्डाला आवाजच नाही. मुद्दाम तसलं बघितलं, तुमच्यासाठी. तुम्हाला त्रास व्हायचा ना."

"मला कोण म्हणालं त्रास होतो?"

"तुम्हीच. भांडकुदळ म्हणायचात."

"म्हणायचे. तुझ्या सासऱ्यांनाही म्हणायचे." त्यांनी रेडिओ चाचपून बारीक केला. "अगं, ते ओरडायला लागलं की मला कळायचं, तू बसलीस. मग मी रेडिओ बंद करायचे. आलेल्या-गेलेल्याला दारातूनच वाटेला लावायचे. आवाज उतरायला लागला की चहाचं आधण. मला घड्याळ दिसतंय का आता? आज सकाळी तेवढं ओरडलं, मग दिवसभर गप्प. मला वाटलं, आज तुला सुट्टी."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांचे ते सगळे वेळेवर आलेले चहा. ती त्याला आपलं नशीब समजत होती.

"आई, तुम्ही माझ्यासाठी फार केलंत हो."

"झालं सुरू," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे पाठ करून त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं. जरा जास्तच ओतलं.

चहा झाल्यावर तिने दुकानदाराला फोन लावला.

"लाल परत पाठवते. काळं ठेवलं."

"उत्तम निवड, ताई."

"पण एक अडचण आहे. ह्याचा आवाज येत नाही."

"तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

"मला हवाय."

"आवाज?"

"हो. काम सुरू झालं की यायला हवा, आणि संपलं की उतरायला हवा. बंद दारातून स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढा."

"ताई, लोक मला कमी करायला फोन करतात." तो हसला, मग मात्र नीट सांगितलं. पंख्यांच्या सेटिंगमध्ये एक रेघ असते, ती वर ओढायची. कार्डाचं काही बिघडत नाही, उलट गारच राहतं.

तिने रेघ वर ओढली. वाचनालय लावलं, सगळ्या झाडांसकट, आणि दार लोटून घेतलं. तिन्ही पंखे फिरू लागले, फिरता फिरता गरजू लागले. काळ्याचा आवाज जुन्यापेक्षा खर्जातला होता. तिला वाटलं, कळेल ना त्यांना?

स्वयंपाकघरातला रेडिओ बंद झाला.

थोड्या वेळाने दारावरची घंटा वाजली. काकूंचा आवाज आला, चप्पल काढल्याचा आवाज आला, आणि मग सासूबाईंचा, चांगला खणखणीत.

"आत्ता नाही. ऐकू येत नाही का? सून कामात आहे माझी."