साधा माणूस ऑनलाइन आहे

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "कंबर जरा सैल ठेवा," तर मी विचारते, "कंबर सैल करू, की तुम्ही जेवण कमी करताय?" लोक हसतात आणि परत येतात. कात्री चांगली चालते म्हणून जीभ खपवून घेतात. पण असली जीभ आणि मोबाईल एकत्र आले की काय होतं, ते मला या वर्षी कळलं. आता आरशातसुद्धा स्वतःकडे धड बघवत नाही.

शिलाईच्या दुकानात आम्ही दोघी होतो. मी कापायची, ती शिवायची. दिवसभर गरगर फिरत बडबड करायची म्हणून मी तिला बॉबिन म्हणायचे, ती मला मास्तर. मी कापलेले तुकडे टेबलावरून तिच्याकडे सरकवायचे, पुढचं ती बघायची. विचारायची गरजच पडायची नाही. इतक्या वर्षांत कापडावरून आमचं कधी वाजलं नाही. वाजलं ते निवडणुकीवरून.

तेही दुकानात नाही हं. दुकानात चहा पिताना ती माझ्या पक्षाची टर उडवायची, मी तिच्या, आणि कप विसळून दोघी कामाला लागायचो. पण तीच गोष्ट घरी जाऊन फेसबुकवर वाचली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. नवरा म्हणायचा, "अगं, तुला सरकार पगार देतं का भांडायचा?" मी म्हणायचे, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला कळत नाही." त्याला चांगलं कळत होतं.

एके दिवशी तिनं माझ्या पक्षाच्या पुढाऱ्याबद्दल काहीबाही लिहिलं आणि मी खाली लिहिलं, "ज्या बाईला नवरा टिकवता आला नाही, ती देश टिकवायला निघाली!"

तिचा नवरा सोडून गेलाय, हे फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांना ती सांगायची, परगावी नोकरीला असतो. मला तिनं दुकानात शटर अर्धं ओढून, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं होतं. आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. पाच मिनिटांत खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, ती रांग बघून मला तेव्हा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, स्वतःची मशीन टेम्पोत चढवली आणि गेली. एक शब्द बोलली नाही. फोनवर, फेसबुकवर, सगळीकडे मला ब्लॉक केलं. मला माफी मागायची होती. पण आधी तिनं काहीतरी बोलावं, असं मला वाटत होतं. काय म्हणून बोलावं तिनं? तेव्हा हा प्रश्न पडला नाही.

ती काय करते, काय लिहिते, ते कळेना. मला चैन पडेना. मग मी दुसरं खातं उघडलं. नाव ठेवलं 'साधा माणूस', चित्र लावलं एका झाडाचं. पोस्टातून निवृत्त झालेला, बायको गेलेला, असा एक म्हातारा केला. म्हटलं, या म्हाताऱ्याच्या तोंडून हिला चार शब्द सुनावावेत. तिनं लगेच मैत्री स्वीकारली. पण गंमत बघा, म्हातारा झाल्यावर मला तिला सुनावताच येईना. मतं माझीच, पक्ष माझाच, पण लिहिताना मी "ताई, जरा असाही विचार करून पाहा" असं लिहायला लागले. तिनं उत्तर दिलं, "काका, मला पटत नाही तुमचं. पण तुम्ही शांतपणे सांगता, बरं वाटतं."

शांतपणे! मी! नवऱ्याला दाखवलं असतं तर तो हसून लोळला असता. पण दाखवणार कसं?

महिने गेले. ती रोज संध्याकाळी विचारायची, "काका, जेवलात का?" काकांचे गुडघे दुखायचे, तर तिनं व्यायाम सांगितले. काकांनी एकदा लिहिलं, मला सुईत दोरा ओवता येत नाही, शर्टाचं बटण तुटलं की तसाच फिरतो. ती म्हणाली, "पाठवून द्या, लावून देते." ते वाचून मी दुकानात एकटीच बसून रडले. तरी दुसऱ्या दिवशी काका होऊन परत गप्पा मारल्याच.

मग परवा दुपारी तिनं फोटो टाकला. एका नाटक मंडळीनं तिला मखमलीचे कोट शिवायला दिले होते. तिची स्वतःची पहिली मोठी ऑर्डर. घरातल्या टेबलावर लाल मखमल पसरलेली, वर कागदी साचे टाचलेले, खडूनं आखलेलं. खाली लिहिलं होतं, "आजवर फक्त शिवलं. आज पहिल्यांदा कात्री माझ्या हातात. हे जमलं तर ते लोक पुढची सगळी कामं मलाच देणार आहेत. शुभेच्छा द्या!"

सवयीनं मी लाईकचा अंगठा दाबला. मग फोटो मोठा करून बघितला.

साचे उलटसुलट लावले होते. पाठीचा भाग एका तोंडानं, पुढचा दुसऱ्या तोंडानं. असं लावलं की कापड वाचतं. वर्षानुवर्षं ती मला साध्या कापडावर तसंच करताना बघत आली होती. पण मखमलीला लव असते. एकीकडून हात फिरवला तर मऊ आणि फिकी, उलटा फिरवला तर खरखरीत आणि गडद. साचे उलटसुलट ठेवून कापली तर एकाच कोटाची पाठ फिकी आणि छाती गडद दिसणार, नाटकाच्या उजेडात तर दोन कापडं जोडल्यासारखी. मखमल आमच्याकडे यायची नाही, म्हणून मी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं.

फक्त लिहायचं होतं, "थांब, कापू नकोस." पण ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्या म्हाताऱ्याला मखमलीची लव कुठून कळणार? मी लिहिलं की ती ओळखणार. मग काका संपले, आणि मी किती हलक्या मनाची आहे ते तिला पुन्हा एकदा कळणार. मी फोन उपडा ठेवला. एका गिऱ्हाइकाची पँट आखली आणि चुकवली. आणि एवढंच असतं तरी चाललं असतं. पण मनात कुठेतरी हेही आलं, कापू दे. कळू दे तिला, मास्तरशिवाय काय होतं ते.

दिवे लागले तेव्हा कुठे मी लिहिलं, "लव उलटी लागलीये. सगळे साचे एकाच तोंडानं लाव."

उत्तर आलं, "कापून झालं." मग जरा वेळानं, "तू आहेस ना?"

मी शटर ओढलं आणि तशीच निघाले. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, ते तिच्या जिन्यात लक्षात आलं.

तिनं दार उघडलं. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. टेबलावर कापलेले तुकडे रचून ठेवले होते.

"दुपारी लाईक केलंस तू," ती म्हणाली. "तेव्हा मी नुसतं आखलं होतं. हात धजत नव्हता म्हणून फोटो टाकला. उन्हं उतरेपर्यंत बसले होते, कुणी काही सांगतं का बघत."

"मला वाटलं, तू ओळखशील."

"मग?"

मी गळ्यातली मोजपट्टी काढून बोटाभोवती गुंडाळली. शेवटी म्हटलं, "आणि कापू दे, असंही वाटलं मला. खरं सांगते. लाज वाटते गं मला."

तिनं ठाऊक असल्यासारखी मान हलवली. तिला हे ऐकून नवल वाटलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

मी तुकडे उजेडात धरून पाहिले. सगळं वाया गेलं नव्हतं. बाह्या अजून कापायच्या होत्या, त्या सरळ लावता येणार होत्या. पाठ आणि पुढचा भाग जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंना, अस्तरासाठी आणलेल्या काळ्या सॅटिनची पट्टी घातली, कॉलर सॅटिनचीच केली, तर दोन छटा मुद्दामच केल्यासारख्या दिसल्या असत्या. मी हात पुढे केला. "कात्री दे."

"नाही. तू सांग. कापणार मी."

म्हणून मी स्टुलावर बसून सांगत राहिले आणि ती कापत राहिली. पहिला काप तिनं बोटभरच घातला, मग कात्री सरळ चालवली. मध्ये मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे लिहिलं ना..."

"ते आता नको. पट्टी किती रुंद?"

"तीन बोटं."

काम आटपलं तेव्हा कोट होतील असं दोघींनाही दिसत होतं. तिनं सॅटिनची घडी घातली, कात्री खणात ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका चांगले होते गं."

मी टेबलावरची खडूची धूळ पुसायला लागले.

"रोज वाट बघायचे त्यांची. तुझ्या पक्षाचे होते तरी. नवऱ्याचं सगळं सांगणार होते मी त्यांना, म्हटलं, या माणसाला सांगायला हरकत नाही." आता तिनं माझ्याकडे बघितलं. "मास्तर गेली, तेव्हा मी मन घट्ट केलं. आता काकांना कुठे शोधू?"

टेबलाखाली टाचण्या सांडल्या होत्या. मी वाकून त्या वेचत राहिले, सगळ्या वेचून झाल्या तरी.