पुढचा ब्रेक मऊ लागतो

ताईची मोटरसायकल गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला तपासणीत पास झाली. कागदावर शिक्का बसला, शिक्क्यावर सही बसली आणि सहीवर साहेबांच्या चहाचा एक थेंब बसला.

आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. बुधवारची सकाळ आहे आणि आम्ही चौघं घराच्या बोळात मोटरसायकलभोवती उभे आहोत.

"दाबला की कसा लागतो?" बाबांनी विचारलं.

"मऊ," ताई म्हणाली.

"किती मऊ?"

"उशीसारखा."

"कुठल्या? घरात दोन प्रकारच्या उश्या आहेत."

बाबांनी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून सहा इंची पट्टी काढली, ताईला पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबायला लावला आणि तो किती आत येतो ते मोजलं. चार पूर्णांक तीन सेंटीमीटर. म्हणजे लिव्हर थेट मुठीला टेकत होता, आणि चाक मात्र आपल्याला काही सांगितलंच नाही अशा थाटात फिरत होतं.

ताई दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवते. वाटेत एक मोठा उतार आहे आणि उताराच्या तळाशी शाळेचं फाटक. मंगळवारी भर उतारावर लिव्हर असाच मुठीला टेकला. मागचा ब्रेक, दोन्ही पाय आणि चपलांचे तळवे खर्ची घालून ताईने गाडी फाटकाच्या अलीकडे कशीबशी थांबवली. मागच्या खोक्यात बत्तीस माणसांचं रक्त होतं. त्यातलं कुणाचंच सांडलं नाही, ताईचं मात्र आटलं.

त्यातच प्रयोगशाळेच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की गुरुवारी बारापर्यंत वाहन तपासणीचा कागद आला नाही तर हा मार्ग दुसऱ्याला जाईल. थोडक्यात, कागद मिळाला तर ताईचं काम राहणार होतं आणि ब्रेक लागला तर ताई.

आमचे वस्ताद, म्हणजे कोपऱ्यावरचे मेकॅनिक, नेमके त्या दिवशी अक्कलदाढ काढून घरी पडले होते. डॉक्टरांनी त्यांना दिवसभर बोलायची बंदी केली होती. तरी मी फोन लावला. त्यांनी उचलला.

"वस्ताद, ब्रेकमधली हवा घरी काढता येईल का?"

पलीकडे शांतता. बहुतेक त्यांनी मान हलवली. उभी की आडवी, ते फोनवर कळलं नाही. आम्ही उभी धरली.

काम तसं साधं आहे. लिव्हरपाशी एक छोटी डबी असते, तिच्यात ब्रेक ऑइल. तिथून नळी खाली चाकापर्यंत जाते. नळीत हवा शिरली की आपण दाबलं तरी ती हवाच दबते, ब्रेक लागत नाही. मग खालच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावायची, तिचं टोक बरणीत सोडायचं. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने स्क्रू सैल करायचा, हवा आणि ऑइल बाहेर, स्क्रू बंद, मग लिव्हर सोडायचा. डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर वरून नवी हवा शिरते. डबीवर आईला बसवलं. ती दुधावर ठेवते तशी नजर तिने ऑइलवर ठेवली आणि दोनदा सवयीने फुंकरही मारली.

"दाब," मी म्हणायचो.

"दाबला," ताई म्हणायची.

"धर."

"धरला. तुझ्या जन्मापासून धरूनच बसलेय."

पहिल्या खेपेला पाच बुडबुडे आले. बाबांनी मोजले. मग नुसतं स्वच्छ ऑइल. मोठ्या आशेने पट्टी लावली. चार पूर्णांक तीन.

पुन्हा काढलं. एकही बुडबुडा नाही. चार पूर्णांक तीन.

दुसरी बाटली फोडली. चार पूर्णांक तीन. नवे ब्रेक पॅड बसवले. तेवढंच. नळी दाबाने फुगत असेल म्हणून बाबांनी तिला दोरा गुंडाळून कमरेचं माप घेतलं. नळी शिस्तीत होती.

"हवा नाहीये, तरी हवा आहे," ताई म्हणाली. ती आता पायरीवर बसली होती आणि दाबून दाबून लाल झालेल्या हाताकडे बघत होती.

"ऑइल नवीन आहे ना, बुजत असेल," आई म्हणाली. तोवर आमच्याकडे याहून बरं स्पष्टीकरण नव्हतं, म्हणून तासभर आम्ही हेच चालवलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. बोळात डावीकडे भिंत आणि भिंतीला कपडे धुण्याचं मशीन आहे. त्यामुळे गाडी डबल स्टँडवर आणि हँडल उजवीकडे वळवून लॉक, ही बाबांची पद्धत. तरुणपणी त्यांची सायकल चोरीला गेली, तेव्हापासून ते घरातल्या वस्तूंवरही घरातल्या माणसांइतकाच संशय घेतात. चावी त्यांच्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन. मी म्हटलं, काम करताना तरी हँडल सरळ करू.

"काम चाकाशी आहे," बाबा म्हणाले. "मुंडकं कशाला मोकळं करायचं?"

सगळी हवा आम्ही लॉक लावून काढली.

गुरुवारी साडेदहाला ताई पायरीवरून उठली आणि म्हणाली, "चल. नापास तर नापास." बाबांनी पिन काढली, चावी काढली, लॉक काढलं. गाडी चालवत न्यायची तिची हिंमत नव्हती. ती हँडल धरून पुढे आणि मी मागून ढकलत, असे आम्ही निघालो.

कोपऱ्यावर एक लोखंडी कपाट ट्रकमधून उतरत होतं आणि कपाटाला उतरायचं नव्हतं. रस्ता बंद. ताईने गाडी साइड स्टँडवर टेकवली, हँडल पार डावीकडे वळवलं आणि रागाने लिव्हर दाबत बसली. पाच मिनिटं, सात मिनिटं. मध्येच डबीतून 'टुळुक' असा आवाज आला. कपाट पडेल की काय या चिंतेत मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"अरे," ताई म्हणाली.

"काय?"

"लिव्हर घट्ट झालाय."

मी दाबून पाहिला. दगड.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही. तू?"

"मी कपाट बघत होतो."

आम्ही दोघांनी कपाटाकडे पाहिलं. त्याचा काही संबंध असावा असं वाटत नव्हतं, पण दुसरं कुणी तिथे नव्हतं.

तपासणी कार्यालयात अकरा चाळीसला जे झालं ते झालेलं नाही, हे आपलं ठरलंय. फक्त एवढंच सांगतो की साहेब गाडीवर बसले, थोडं पुढे गेले, पुढचा ब्रेक दाबला आणि हेल्मेट टाकीवर आपटता आपटता राहिलं.

"ब्रेकचं काम कुणाकडे केलं?" त्यांनी विचारलं.

"घरीच," ताई चोरी पकडल्यासारखी म्हणाली.

"चांगलं केलंय."

तिने कागदाचा फोटो मॅडमना पाठवला आणि येतानाही गाडी ढकलतच आणली.

बाबांनी पट्टी लावली. एक पूर्णांक नऊ. त्यांनी ती पट्टी ठेवून दुसरी आणली. एक पूर्णांक नऊ.

"झालं की मग," आई म्हणाली.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "आपण काही केलंय का? आपण केलं तेव्हा झालं नाही, केलं नाही तेव्हा झालं. याला दुरुस्ती म्हणत नाहीत."

"मलाही तेच वाटतंय," ताई म्हणाली. "आपोआप बरं झालं ते आपोआप बिघडेल. आणि बिघडेल ते उतारावरच."

दोन वाजता तिची फेरी होती. पावणेदोनला वस्तादांचा फोन आला. बोलायची बंदी उठली होती, सुजलेला गाल उतरायचा होता. मी फोन स्पीकरवर ठेवून दोन दिवसांची हकीकत कपाटासकट सांगितली.

"हवा काढताना हँडल कुठल्या बाजूला होतं?"

"उजवीकडे. लॉक."

पलीकडे शांतता. या वेळी ते मान हलवत नव्हते.

"अहो, हवा वर जाते. हँडल उजवीकडे वळलं की लिव्हरपाशी नळी बसते ते वळण सगळ्यात उंच होतं. बुडबुडा तिथे वर बसला होता. तुम्ही त्याच्या पायाखालून दोन बाटल्या ऑइल काढलंत. सकाळी हँडल डावीकडे गेलं, लिव्हर दाबला, तो डबीतून निघून गेला."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चावीकडे पाहिलं.

"पण चोरी झाली नाही, हे वस्ताद हिशेबात धरतच नाहीत," ते म्हणाले.

ताईने फोन घेतला. "वस्ताद, आता सगळी हवा गेली ना?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"ताई, माझी दाढ काढताना डॉक्टरही बहुतेकच म्हणाले होते."

दोन वाजता आई उताराच्या वर उभी राहिली, बाबा मध्ये आणि मी तळाशी, शाळेच्या फाटकापाशी. ताई वरून निघाली. निघायच्या आधी तिने लिव्हर तीनदा दाबला. मधल्या वळणावर एकदा, बाबांच्या समोर एकदा. आणि फाटकाच्या दहा पावलं अलीकडे गाडी मुकाट थांबली.

हेल्मेटच्या काचेतून तिचे डोळे दिसत होते.

"थांबली," मी म्हटलं.

"दिसतंय मला. का थांबली?"

"वस्तादांनी सांगितलं ना."

"ते कळलंय रे मला. पण का?"

बाबा धापा टाकत खाली आले, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घरी आलीस की लॉक मी लावतो." कुठल्या बाजूला, ते बोलले नाहीत.

हा उतार तिला रोज चारदा उतरायचा आहे. आईला रोज चारदा तिथे उभं राहता येणार नाही. म्हणून घरच्यांच्या वतीने मी पुढचा अर्ज केला आहे.

प्रति,
मा. निरीक्षक,
वाहन तपासणी कार्यालय.

विषय: हवा वर जाण्याबाबत.

महोदय,

सदर वाहन आपल्या कार्यालयाने उत्तीर्ण केले असून त्याचे कारण घरातील कोणासही पटलेले नाही. आमचे वडील हँडल उजवीकडेच लॉक करण्याची दाट शक्यता आहे. तरी हवा वर जाते या नियमातून सदर वाहनास एक वर्षापुरती सूट देण्यात यावी. नियमात बदल करणे आपल्या कक्षेबाहेर असल्यास, उताराच्या तळाशी रोज चार वेळा एका जबाबदार अधिकाऱ्याची नेमणूक करावी आणि वाहन पूर्णपणे थांबल्याची खात्री करून त्याने आमच्या आईस दूरध्वनीवरून तसे तत्काळ कळवावे, ही नम्र विनंती.