दोरीचं दुसरं टोक

इंटरकॉम बंद पडला तेव्हा मामांना वाटलं, साहेब रागावून गप्प बसलेत.

रणगाड्यात तिघंच. मामा पुढे, खाली, चालवायच्या कोनाड्यात. वर फिरत्या घुमटात तोफेच्या एका अंगाला घड्याळजी आणि दुसऱ्या अंगाला कमांडर. घड्याळजी तोफ चालवायचा; लढाईआधी तो खरंच घड्याळं दुरुस्त करत असे. मामा मात्र कोणाचेच मामा नव्हते. जन्मभर मालट्रक चालवून, नातवंडं खेळवायच्या वयात ते फौजेत ओढले गेले होते, आणि कमांडरपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे त्यांना नुसतं ‘ड्रायव्हर’ म्हणायची कुणाची जीभ रेटत नसे.

जवळच फुटलेल्या गोळ्याने इंटरकॉम गेला, वरचा रेडिओचा दांडा उडाला आणि मामांच्या पेरिस्कोपच्या काचेवर तड्यांचं जाळं पसरलं. तोफ समोर रोखलेली असली की तिची नळी बरोबर मामांच्या डोक्यावरच्या झाकणावर येते, त्यामुळे ते उघडून बघायचीही सोय नाही. थोडक्यात, गाडी चालवणारा माणूस आंधळा आणि बहिरा झाला.

कमांडरने एका घराच्या भिंतीआड गाडी थांबवली. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती. तिला चिमट्यात एक लहानसा मोजा अजून लटकत होता. तो त्याने खिडकीत नीट ठेवला, दोरी कापली आणि तिचे दोन तुकडे केले. घुमट आणि मामांचा कोनाडा यांच्यामध्ये, तोफ समोर असतानाच, हात जाईल एवढी फट उरते. तिच्यातून दोऱ्या घालून त्याने एक मामांच्या डाव्या दंडाला बांधली, एक उजव्या. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे, दोन्ही ओढल्या की थांबायचं. कळलं, असं सांगायला मामांनी एक हिसका परत द्यायचा. एकदा गाडी धावू लागली की आत ओरडलेलं ज्याचं त्यालाही ऐकू येत नसे.

“बायकोनं जन्मभर दोन्ही दोऱ्या एकदमच ओढल्या,” मामा फटीतून म्हणाले. “तुम्ही एकेक ओढताय, उपकार झाले.”

“म्हणजे आता तोफ फिरवायची नाही?” घड्याळजीने विचारलं.

“फिरवलीस तर दोऱ्या तुटतील. नाहीतर मामांचे हात.”

“मग बाजूनं कुणी आलं तर त्याला सांगतो, कृपया समोर या.”

त्यांना शाळेकडे जायचं होतं. तिथे थोरल्यांचा रणगाडा पट्टा तुटून पडला होता. थोरले म्हणजे ज्यांनी कमांडरला हे काम शिकवलं ते. रेडिओ जाण्याआधी त्यांचा आवाज आला होता, जणू बाजारातून परतताना पिशवी आणायला सांगावी तसा: “शाळेत बसलोय तिघं. येताना आम्हाला उचल. विसरलास तर तुझ्या बायकोजवळ चुगली करीन.” उजेड संपला की आपलेच सुरुंगवाले पूल उडवणार होते. पुलाच्या अलीकडे जो राहील तो राहिला.

पण उजेड असा नव्हताच. गावाबाहेर तेलाच्या टाक्या सकाळपासून जळत होत्या आणि त्यांचा धूर गल्ल्यांतून तळघरातल्या पाण्यासारखा भरला होता. कमांडर झाकणातून डोळ्यांपुरता वर येऊन बघत होता. औषधांच्या दुकानाचं शटर अर्धं वर. एका घराची दर्शनी भिंत गेलेली, आत पलंगावर चादर नीट अंथरलेली. माणूस एकही नाही. तो दोरी ओढे, हिसका परत येई. मामांचा हिसका त्यांच्यासारखाच होता, जरा उशिरा आणि गरजेपेक्षा जोरात.

मग पुढच्या बाजूला काहीतरी आदळलं. सगळी गाडी घंटेसारखी वाजली. खालून जळक्या रबराचा वास आला, तोंडात लोखंडाची चव आली. इंजिन मात्र चालूच राहिलं. कमांडरने घाईघाईने डावी दोरी ओढली. परत हिसका आला, गाडी डावीकडे वळली. घड्याळजीने त्याच्याकडे बघून मान हलवली. मामा आहेत.

थोड्या वेळाने कमांडरच्या ध्यानात आलं की हिसका लवकर येतोय. आणि हलका. शाई वाळली की नाही हे बोटाने बघावं, इतका हलका. पुढच्या वळणावर त्याने दोरी ओढायचं नुसतं मनात आणलं आणि हिसका आधीच आला.

चौकात पोचले. शाळा उजवीकडे, पूल डावीकडे. त्याने उजवी दोरी ओढली. डावी त्याच्या मुठीत ताठ झाली, तिचा पीळ तळव्यात रुतला, आणि गाडी सावकाश डावीकडे वळू लागली.

त्याने उजवी मनगटाला गुंडाळून ओढली. काही नाही. मग दोन्ही ओढल्या, थांबायची खूण. एक हिसका परत आला. कळलं. गाडी थांबली नाही.

“मामा पुलाकडे निघाले,” घड्याळजी त्याच्या कानाशी ओरडला. “शहाणे आहेत.”

पुलापलीकडे कमांडरचं घर होतं, बायको होती, मुलगी होती. दोरी डावीकडे ओढत होती आणि त्याचं मनही तिच्याच बाजूने ओढत होतं. नंतर कुणी विचारलं असतं तर दोरीने ऐकलं नाही, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

“तोफ फिरव,” तोही तसाच कानाशी ओरडला.

“दोऱ्या तुटतील.”

“फिरव.”

घुमट फिरला. दोऱ्या तुटल्या नाहीत, अडकल्याही नाहीत. त्या अलगद सरकत वर आल्या आणि कमांडरच्या मांडीवर पडल्या. हातभर लांबीच्या, फटीपर्यंतही न पोचणाऱ्या. टोकं जळून काळी झालेली, केव्हाच थंड झालेली.

घड्याळजीने एक टोक चिमटीत धरून निरखलं, बिघडलेलं घड्याळ निरखतात तसं. मग जपून खाली ठेवलं आणि हात पँटला पुसला.

कमांडरने पाना उचलून लोखंडावर ठोकायला सुरुवात केली. थांबा एवढंच त्यातून सांगता येतं. गाडी थांबली. तोफ बाजूला गेल्यामुळे मामांचं झाकण मोकळं झालं होतं. ते उघडून काजळलेला चेहरा वर आला.

“दोऱ्या जळाल्यावर तुम्ही खांदा धरलात ते बरं केलंत,” मामा म्हणाले. “पण साहेब, हात किती गार आहे तुमचा.”

कमांडरने दोऱ्यांचे तुकडे त्यांना दाखवले. मामांनी आधी तुकड्यांकडे पाहिलं, मग त्याच्या दोन्ही हातांकडे, मग तो बसतो त्या जागेकडे. तिथून त्यांच्या खांद्यापर्यंत कुणाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

“आत्ता आहे?” कमांडरने विचारलं.

“आहे ना,” मामा हळूच म्हणाले. “डावीकडं दाबतोय.”

कमांडरला मुलीची सायकल आठवली. मागून धरलेला हात त्याने केव्हाच सोडला होता, तरी ती न बघता विचारत होती, धरलंय ना बाबा? आणि तो लांबून म्हणत होता, धरलंय.

“ही गाडी वर्कशॉपमधून आली,” घड्याळजी वरून म्हणाला, “तेव्हा पुढच्या पत्र्याला नवीन जोड होता. ती आधी कोण चालवायचं, आपण विचारलं नाही.”

“विचारायचं नसतं,” मामा म्हणाले. खरंच नसतं. दुरुस्त होऊन आलेली गाडी सगळे जण कोरी समजून घेतात. आतला नवा रंग आधीच्या कुणाच्या जागेवर लागला, तो विषय कुणी काढत नाही.

“वाईट नाहीये तो,” मामा म्हणाले. “त्याला नुसतं घरी जायचंय.”

“मलाही जायचंय. पण थोरले वाट बघतायत.” कमांडरने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “मामा, तुम्ही कोणाचं ऐकाल?”

मामांनी डाव्या खांद्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. “तुम्ही खाली उतरा. गाडीपुढं चाला आणि मला दिसत राहा. दिसणाऱ्या माणसाचं ऐकणं सोपं पडतं.”

कमांडर उतरला. उघड्या रस्त्यावर, धुरात, दोन्ही हात वर करून तो उलटा चालू लागला, पाठ शाळेकडे आणि तोंड मामांकडे. आधी गाडी थरथरत जागीच राहिली. मामांची मान डावीकडे ओढली गेली होती आणि जबड्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मग पट्टे कुरकुरले. गाडी उजवीकडे वळली आणि मामांची मान एकदम सुटली.

“उतरला,” ते म्हणाले.

शाळेत तिघंही एका वर्गात होते. चिमुकल्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले थोरले आणि त्यांचा गनर. त्यांचा ड्रायव्हर पाय मोडल्यामुळे गुरुजींच्या टेबलावर आडवा.

“उशीर,” थोरले म्हणाले. “बाकावर उभं राहा.” मग उठताना त्यांनी कमांडरचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिघांना गाडीच्या पाठीवर चढवून ते परत निघाले. कमांडर पुन्हा पुढे, पायी. धूर आता खरोखरच्या संध्याकाळीत मिसळायला लागला होता. चौक आला. त्याने मूठ वर केली. मामा थांबले.

“आता काय?” थोरले वरून म्हणाले. “उजेड बघ जरा.”

“एक जण यायचाय.”

थोरल्यांनी चौकात पाहिलं. औषधांचं दुकान, उलटी पडलेली हातगाडी, धूर. मग त्यांनी कमांडरचा चेहरा पाहिला आणि गाडीच्या पाठीवर जरा सरकून बसले. टेबलावरून आणलेला ड्रायव्हर दात आवळून कण्हत होता. घड्याळजी नखं बघत होता. दमलेल्या माणसाला गाडीवर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कमांडरने मूठ तशीच धरून ठेवली. दंड दुखायला लागला तरी खाली घेतली नाही.

मामांनी मान किंचित तिरकी केली, कॉलरमधून गार काही शिरलं की माणूस करतो तशी. मग त्यांनी डावा खांदा जरा खाली सोडला.

“निघायचं, साहेब,” ते म्हणाले.

पुलावर सुरुंगवाल्यांचा नाईक तारांच्या वेटोळ्याजवळ उभा राहून त्यांना शिव्या देत होता. गाडी पलीकडे आल्यावर त्याने धुराकडे पाहत विचारलं, “मागं कोणी राहिलंय?”

कमांडर मामांकडे वळला. याचं उत्तर आता तेच देऊ शकत होते.

“नाही,” मामा म्हणाले. “सगळे आले.”

नाईकाने हात वर केला आणि मागच्या माणसाला उडवायची खूण केली.