कडीवाचून राहिलेला कोयंडा

मित्रांनो, मी एक जुना कोयंडा आहे. दाराच्या चौकटीत ठोकलेले जे वाकडे लोखंड असते, ज्यात कडी अडकते, तोच मी. माझी कडी आता नाही.

लोहाराने आम्हा दोघांना एकाच सळईतून घडवले. ती दारावर लागली, मी चौकटीत. दार लावले की ती खट्कन माझ्यात येऊन बसायची. आम्हाला बसवणारा सुतार म्हणाला होता, "जोडी झकास जमली!"

घरात तिघे होते. ट्रक चालवणारा बाप, शिवणकाम करणारी आई आणि त्यांची लेक. तिला सगळे बिट्टी म्हणत. एका अपघातात बापाचा पाय अधू झाला. ट्रक सुटला आणि दारू लागली. आधी ताटे उडाली, मग हात उठू लागला. आई बिट्टीला ओढून आमच्या खोलीत यायची आणि कडी लावायची. बाहेरून धडका बसायच्या. प्रत्येक धडकेला कडी मला घट्ट धरायची आणि चौकटीतून भुसा गळायचा.

"उघड! माझ्याच घरात मला कोंडतेस?" तो ओरडायचा.

"तुम्ही मोकळे आहात," आई आतून म्हणायची. "कोंडलोय आम्ही."

एका दुपारी तो ट्रकचा जाड पाना घेऊन आला. घावामागून घाव घातले. कडी वाकली, पण तिने मला सोडले नाही. शेवटी मधोमध तुटली. त्याच पान्याने त्याने आईचा हात मोडला. बिट्टी मध्ये पडली, तिच्या कपाळाला खोक पडली. कडीचे तुकडे रक्तात पडले होते. दुसऱ्या दिवशी ते केरात गेले. त्या घरात रडायला कारणे पुष्कळ होती. कडीसाठी कोण रडणार? मी तेवढा होतो.

दवाखान्यात विचारले, हात कसा मोडला? चौकीत विचारले, आधी का नाही आलात? शाळेने विचारले, मुलगी का येत नाही? जिथे जाईल तिथे आईला पहिल्यापासून सांगावे लागे. शेवटी तिने सांगणेच सोडले. मग वस्तीतल्या मदत केंद्राच्या ताई आल्या.

"मला एकदाच सांगा," त्या म्हणाल्या. "पुढे सगळीकडे मी बोलते. जिथं जायचं तिथं सोबत येते. आधी काय हवं ते बोला."

"आतून कडी," आई म्हणाली.

ताई हसल्या नाहीत. एका सुताराला घेऊन आल्या. आत मी आहे हे न बघताच सवयीने तो बाहेरच्या बाजूला खुणा करू लागला.

"अहो दादा, आतून!"

"खोलीला सहसा बाहेरूनच असते, ताई."

"यांना कोंडायचं नाहीये. यांना वाचायचंय."

सुतार ओशाळला. त्याने आतून जाड अडसर बसवला. मला उपटायला लागला तेव्हा बिट्टी म्हणाली, "असू द्या की त्याला. तो काय जेवायला मागतो?"

ताई आईबरोबर चौकीत गेल्या, दवाखान्यात गेल्या, शाळेत गेल्या. बापाने या घरात पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. शेजारणींना सांगून ठेवले की थाळी वाजली की धावायचे.

तरी तो आलाच, पाना घेऊन. दार हादरले, काच फुटली, एक फळी चिरली. अडसर मात्र हलला नाही. बिट्टीने खिडकीत थाळी बडवली. शेजारची मावशी लाटणे घेऊनच धावली. "टाक तो पाना, नाहीतर दुसराही पाय लंगडा करीन!" तिच्यामागे सगळी गल्ली आली, मग पोलीस आले.

ताईंनी त्यालाही वाऱ्यावर सोडले नाही. दारू सोडवणाऱ्या दवाखान्यात नेले. इकडे आईचा हात जुळला, शिलाई पुन्हा सुरू झाली, बिट्टी शाळेत जाऊ लागली.

पुष्कळ महिन्यांनी तो ताईंबरोबर आला. रिकाम्या हाताने. त्याने बोटाने दार वाजवले. आईचा हात अडसरावर होता.

"आज नाही," ती म्हणाली.

मी घावाची वाट पाहत राहिलो.

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला.

मित्रांनो, शेजारच्या दारावर घाव पडत असतील तर "आपल्याला काय करायचंय" म्हणून गप्प बसू नका. मोठ्यांना सांगा, थाळी वाजवा. कडी किती सोसते हे ती तुटल्यावर कळून उपयोग नाही.

बिट्टी आता शाळेतून आली की दप्तर मला अडकवते. त्याचा बंद माझ्यात सरकतो तेव्हा क्षणभर वाटते, माझी कडी आली.