अडलेलं दार

नेड्रा कॅम्परमध्ये लघवीला गेली होती. मी बाहेर येऊन मागं उभी राहते, तोवर गाडी हलवू नकोस, असं ती नवऱ्याला, डेल्विनला, बजावून गेली होती. पण ती जरा टेकते न टेकते तोच पायाखालची फळी मागं सरकली, कपाटातल्या बशा खणखणल्या आणि दाराबाहेर लोखंडावर पत्रा घासल्याचा असा आवाज झाला की तिचे दात शिवशिवले.

कपडे सावरत ती बाहेर आली आणि तिनं दार ढकललं. ते तसूभर हललं आणि थांबलं. फटीतून तिला ट्रेलरच्या तोंडाशी बसवलेली हत्यारांची लोखंडी पेटी दिसली. पेटीचा कोपरा दारावर येऊन रुतला होता.

पिकअप ट्रकच्या पाठीवर चढवलेलं त्यांचं ते घर, त्या घराला मागच्या अंगाला एकच दार, दाराच्या खाली जोडलेला ट्रेलर आणि ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळून बांधलेली, रानावाळूत फिरायची उघडी मोटार-बग्गी. सरळ रस्त्यावर हे सगळं लटांबर निमूट मागून येई. पण मागं घेताना चाक जरा चुकलं की ट्रक आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटत. आज ते पुरते मिटले होते.

"डेल, गाडी पुढं घे. मी आत आहे," ती ओरडली.

इंजिन गुरगुरलं. ट्रक जागीच थरथरला, पुढचं एका बाजूचं चाक गरगर फिरलं आणि वाळू उडून पत्र्यावर आपटली. रस्ता जिथं पुरानं खाऊन टाकला होता, तिथल्या भुसभुशीत वाळूत ते चाक उतरलं होतं. डेल्विननं पुन्हा जोर दिला तसं ते आणखी खाली गेलं. मग त्यानं इंजिन बंद केलं.

कॅम्परच्या पुढच्या भिंतीत एक सरकती काच होती, तिच्यासमोर ट्रकची मागची काच. दोन्ही सरकवल्या की हात जाईल एवढी जागा व्हायची. प्रवासात नेड्रा तिच्यातून सँडविच बाहेर द्यायची. आता तिनं गुडघ्यांवर बसून काच सरकवली. पलीकडे डेल्विनची मान दिसली.

"तुला थांब म्हटलं होतं ना मी?"

"तू मागं उभी होतीस ना. हात करत होतीस."

"मी आत होते, डेल."

त्याची मान लाल झाली होती. आयडाहोतल्या घाटात तीस हिवाळे रस्त्यावरचा बर्फ हटवणारा सरकारी फाळ चालवलेला हा माणूस. डोळ्यांपुढं पांढऱ्याशिवाय काही दिसत नसताना तो दरीच्या कडेनं फाळ नेई, आणि लोक आपल्या गाड्या त्याच्या मागं लावून निर्धास्त घरी जात. निवृत्त झाल्यावर घर विकून कॅम्परमध्ये राहायचं हे त्याचंच स्वप्न. नेड्रानं हो म्हटलं होतं, कारण तेव्हा ते त्याचं स्वप्न होतं आणि तो शहाणासुरता होता.

आताशा तो पेट्रोल भरून नळी तशीच टाकीत ठेवून निघे. एकदा त्यानं तिला विचारलं होतं, आई जेवली का. प्रत्येक वेळी नेड्रा हसून वेळ मारून नेई. मुलगी शॉना फोनवर म्हणे, "बाबांना दे ना," आणि नेड्रा म्हणे, "ते बग्गी धूत आहेत गं." बग्गी एवढी धुतली असती तर तिचा रंग उडाला असता. पण सांगून करायचं काय? शॉना म्हणाली असती, चाव्या काढून घे. आणि चाव्या काढून घेतल्या की त्या माणसात उरणार काय होतं?

आजचा हा रस्ताही त्यानंच धरला होता. मागल्या वर्षी इथून थेट हमरस्त्याला निघालो होतो म्हणाला. मागल्या वर्षी ते या युटा राज्यात आलेच नव्हते.

"छताची खिडकी उघडते का बघते," ती म्हणाली.

ती वर चढली. ट्रकच्या टपावर पुढं आलेल्या भागात त्यांचा बिछाना होता, त्याच्यावर संकटात बाहेर पडण्यासाठी छताची झडप. झडप चार बोटं उघडली आणि वर कशाला तरी टेकली. सोलर पॅनल. डेल्विननं वसंतात तो स्वतः बसवला होता, आणि अरे झडपेवर येतोय तो, असं ती म्हणाली तेव्हा त्याला राग आला होता.

ती पुन्हा खाली येऊन काचेशी बसली. "नाही उघडत. फोन बघ, रेंज आहे का?"

"इथं कुठली रेंज. तू बस आत, पाणी आहे, पंखा आहे. मी बग्गी घेऊन जातो आणि माणूस घेऊन येतो. ट्रॅक्टरनं एका ओढीत निघेल."

"कुणाचा ट्रॅक्टर?"

"ऑर्विलचा. तो काय, घरीच असेल."

ऑर्विल त्यांचा आयडाहोतला शेजारी. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत डेल्विन पुढं होता.

"डेल," ती हळूच म्हणाली, "इकडं बघ. आपण कुठं आहोत?"

पण तो उतरला होता. पट्ट्या सुटल्याचा, ट्रेलरचा मागचा उतार खाली आदळल्याचा आवाज आला. तिनं मूठ वळून भिंत बडवली, काचेच्या फटीत तोंड घालून हाका मारल्या. "डेल, जाऊ नकोस. मला आधी बाहेर काढ." बग्गीचं इंजिन फटफटलं आणि तिचा आवाज त्यात बुडाला. बाजूच्या खिडकीतून तो तिला दिसला, डोळ्यांवर चष्मा चढवलेला, ताठ बसलेला. त्यानं खिडकीकडं बघून हात हलवला. पोरगा सायकलवर फेरी मारायला निघावा तसा हात.

आवाज लांब गेला आणि मग नुसतं रान उरलं.

पहिल्यांदा तिनं चहा केला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून केला, प्यायची इच्छा नव्हती. पाणी होतं, गॅस होता, शीतकपाटात दोन दिवसांचं जेवण होतं. आपण काही मरत नाही, हे तिला कळत होतं. पण आपण इथं आहोत हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस वाटेत कुठल्या वळणावर ते विसरेल याचा नेम नाही, हेही कळत होतं. बरं, विसरला तर विसरला. तो स्वतः कुठं जाईल? या मुलखात कडे अचानक तुटतात. बग्गीतलं पेट्रोल संपलं तर तो चालत सुटेल, मेलेल्या ऑर्विलच्या घराच्या दिशेनं.

ऊन पत्र्यावर आलं. आतलं सगळं हाताच्या अंतरावर होतं: शेगडी, मोरी, बाक, बिछान्याची शिडी. या जागेत ती दीड वर्ष राहिली होती आणि एकदाही एकटी राहिली नव्हती. रोज कुणाच्या तरी कोपराला कोपर लागायचा. आता एकटेपणा मिळाला होता तर तो असा.

ती कान देऊन बसली. इंजिनसारखं काही वाटलं की उठायची. माशी असायची, नाहीतर तिचंच रक्त कानात वाजायचं.

ऊन दाराकडून मोरीकडं सरकलं तेव्हा ती उठली. बसून राहायची तिची आता ताकद नव्हती.

बिछान्याच्या बाजूला प्लास्टिकच्या काचेची खिडकी होती. वरून बिजागरी, खालून दोन दांड्या, आणि त्या दांड्या तिला वीतभरच उघडू देत. हत्यारं सगळी बाहेरच्या पेटीत, दार अडवून बसलेली. नेड्रानं भाजी चिरायची सुरी घेतली आणि दांडीच्या स्क्रूत टोक घातलं. टोक मोडलं. मग तिनं डबा फोडायच्या चावीचं चपटं टोक घातलं. तेही सटकलं आणि बोटाचं सालटं निघालं. शिव्या देणं तिच्या घराण्यात नव्हतं, पण तिनं आयडाहोतल्या गोठ्यांत ऐकलेल्या सगळ्या शिव्या त्या स्क्रूला दिल्या, आणि त्या सोलर पॅनललाही दिल्या. शेवटी तो फिरला.

दोन्ही दांड्या सुटल्यावर खिडकी पुरती वर गेली. नेड्रानं चादर बिछान्याच्या कठड्याला बांधली, पालथी पडली आणि पाय बाहेर सोडले. वय झालेलं, गुडघे दुखरे, कंबर चौकटीत अडकलेली. अर्धी बाहेर आणि अर्धी आत अशी ती लोंबकळत राहिली. तिला एक क्षण वाटलं, आपण अशाच सापडणार, शॉनाला कुणीतरी असंच सांगणार. मग पायाला ट्रकचा बाजूचा लांब आरसा लागला. तिनं त्यावर भार टाकला. आरसा मोडला आणि ती चादरीसकट वाळूत कोसळली.

मनगट लगेच सुजलं. ती तशीच उठली, दाराशी जाऊन पेटीकडं बघितलं, आणि काही करता येणार नाही हे पाहून बग्गीच्या चाकांच्या खुणांमागं चालू लागली.

खुणा हमरस्त्याकडं गेल्या नव्हत्या. फाट्याशी त्या एकदा गोल फिरल्या होत्या, आणखी एकदा फिरल्या होत्या, आणि मग उलट्या दिशेला लागल्या होत्या. तो गोल बघून तिला रडू आलं. तिथं बसून त्यानं आठवायचा प्रयत्न केला असणार.

टेकाड ओलांडल्यावर खाली गुरांच्या पाण्याचा हौद दिसला. हौदाशी एक धुळकट पिकअप होता आणि त्याच्या शेजारी बग्गी. डेल्विन बाही कोपरापर्यंत दुमडून हौदाच्या नळाचा तरंगता गोळा दुरुस्त करत होता. पिकअपच्या मागच्या फळीवर पन्नाशीची एक बाई बसली होती, मांडीवर कापलेलं ग्रीन रिव्हर गावचं टरबूज. ती गुरं पाळणारी मार्व्हा. हा हौद तिचाच.

"ही बघ, आली नेड्रा," डेल्विन हसून म्हणाला. "मी या पोरीला सांगतच होतो, बायको घरी पीचच्या बरण्या भरतेय म्हणून. थर्मास आणलास का?"

नेड्रा दम खात उभी राहिली. वाटभर तिनं काय काय म्हणायचं ठरवलं होतं. पण तो इतका खुशीत होता, टरबुजाचा रस हनुवटीवरून ओघळत होता, आणि त्याला काहीही आठवत नव्हतं. रागवायला समोर माणूसच नव्हता.

"नाही आणला," ती म्हणाली. मार्व्हाकडं वळून तिनं नेहमीचं सुरू केलं, "ऊन लागतं हो यांना. मग जरा गोंधळतात."

मार्व्हानं तिचं मनगट बघितलं, फाटलेली बाही बघितली. "बसा. आधी पाणी प्या," ती म्हणाली. "गाडी कुठंय तुमची?"

मार्व्हाच्या पिकअपमधून तिघं अडकलेल्या ट्रकपाशी आली. मार्व्हानं वेडावाकडा मिटलेला ट्रेलर बघितला, दारावरची पेटी बघितली, वर खिडकीतून लोंबणारी चादर बघितली. डेल्विन ट्रेलरभोवती फिरून, "कुणी लावलंय हे असं?" म्हणत चुकचुकत होता.

"तुम्ही आत होतात?" मार्व्हानं विचारलं.

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"निघाले तेव्हा माहीत होतं."

मार्व्हानं हातमोजे चढवले. "माझ्या वडिलांनी एकदा सगळी गुरं हमरस्त्यावर सोडली होती," ती म्हणाली. "कधीपासून आहे यांना?"

नेड्रानं नवऱ्याकडं पाहिलं. तो पेटीवरची धूळ बाहीनं पुसत होता.

"दोन हिवाळे झाले," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही मी. मुलीलाही नाही."

मार्व्हानं पिकअपची तार अडकवून ट्रक वाळूतून ओढून काढला. कात्री सुटली, दार मोकळं झालं. तसा डेल्विन चटकन जाऊन चालकाच्या जागी बसला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. नेड्रा खिडकीशी गेली. "सरक, डेल. मी चालवते."

"तुला कुठं येते ही चालवता?"

"शिकेन."

"माझी गाडी आहे, नेड्रा." आवाज चढला नव्हता. पण हात असे आवळले होते की नखं पांढरी झाली होती. त्या हातांना हात लावायची तिची छाती झाली नाही.

मार्व्हा पलीकडून सावकाश आली. "दादा, एक काम होतं," ती म्हणाली. "माझ्या गाडीचा गिअर अडखळतोय. तुम्ही बर्फाळ घाटातले माणूस, माझ्याबरोबर बसून जरा ऐकता का, कुठं आवाज येतोय?"

डेल्विननं विचार केला. मग उतरला. "दुसऱ्यात अडखळतो का तिसऱ्यात?" असं विचारत तो तिच्याबरोबर गेला. चावी जागीच राहिली.

ट्रेलर तिथंच सोडला. नेड्रा जन्मात पहिल्यांदा तो ट्रक चालवत मार्व्हाच्या धुळीमागून गेली, एका आरशानं, बैलगाडीच्या चालीनं. मार्व्हाच्या स्वयंपाकघरातून तिनं शॉनाला फोन लावला. शॉनानं "बाबा काय करतायत?" विचारलं, तेव्हा या वेळी नेड्रानं खरं ते सांगितलं.

शॉना विमानानं आली आणि ट्रक चालवत दोघांना आयडाहोत, पोकाटेलोच्या आपल्या घरी घेऊन गेली. ट्रेलर आणि बग्गी मार्व्हाकडंच राहिली. डेल्विन त्यांची चौकशी करतो, काही दिवस रोज, मग मध्येच आठवडाभर नाही. शॉनानं त्यांच्यासाठी खालची खोली रिकामी केली, नवा पलंग आणला. डेल्विन त्या पलंगावर एक रात्र बसून राहिला, बूट घालून, कोट घालून. दुसऱ्या दिवशी तो अंगणात उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये जाऊन झोपला आणि तिथून हलला नाही.

त्याला एकट्याला ठेवता येत नाही. चावी शॉनाकडं असते, पण तो उठून चालू लागला तर? म्हणून नेड्रा आता रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की घरातून अंगणात जाते, कॅम्परमधली ती शिडी चढते आणि त्याच्या शेजारी आडवी होते. छत नाकाशी येतं. डेल्विन अंधारात विचारतो, "उद्या कुठं निघायचं?"

"उद्या बघू," नेड्रा म्हणते, आणि भिंतीकडं तोंड करून कूस बदलायला जागा शोधते.