गुरुवारचा टाका

आमच्या घरात मुलांच्या सुट्टीचा बेत मी ठरवते. ठरवत होते, असं लिहायला हवं, पण इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप तसं लिहून जातो.

शाळा बंद झाली की आठ आठवडे मुलं मोकळी आणि आईबापांची कामं तशीच. माझा मुलगा बस चालवतो, सून इस्पितळात नर्स, लेक एका कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. तिघांच्या पाळ्या तीन तऱ्हांच्या. पहिल्या वर्षी नुसता गोंधळ झाला. हा म्हणे मी सांगितलं होतं, ती म्हणे मला कुणी सांगितलंच नाही. माझं शिक्षण चार इयत्ता. वह्या-तक्त्यांशी माझं जमत नाही, पण सुई माझं ऐकते. मी जुन्या चादरीचा एक मोठा चौकोन कापला, त्यावर आठ आठवड्यांच्या आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत रविवारपासून सात घरं आखली, आणि तो शिवणखोलीच्या भिंतीवर लावला. मुलाची मुलगी खारू, तिचा दोरा हिरवा. लेकीचा मुलगा ढब्बू, त्याचा निळा. ज्या दिवशी जे मूल माझ्याकडे, त्या घरात त्याच्या रंगाचा टाका.

सुट्टीआधी एका रविवारी सगळ्यांनी यायचं, आपापली अडचण सांगायची. मी ऐकून घ्यायचे, मग एकटीनं बसून टाके घालायचे. पुढच्या रविवारी येऊन फडकं बघून जायचं. आणि नियम एकच: फडक्यावर आहे ते खरं. परत विचारायचं नाही.

सुनेनं एकदा फोन केला होता. "अहो आई, मंगळवारचं नक्की ना?"

मी म्हणाले, "डोळे कशाला दिलेत तुला? भिंतीवर बघून गेलीस ना? मी काय रोज शब्द फिरवते?"

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. तिनंच काय, कुणीच नाही.

माझं काम इस्पितळाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायचं. सगळं पांढरं. पांढरं कापड, पांढरा दोरा. म्हणूनच माझ्या डोळ्यांचं काय चाललंय ते कुणाला कळलं नाही. मला कळत होतं. खोलीत दिवा मंद झाला म्हणून मी तीनदा दिवा बदलला. दोरा सुईत घालायला वेळ लागायचा, तर मी आधीच दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "माझी नजर तुमच्या नजरेच्या वरताण आहे." लोक गप्प बसायचे. माझ्यापुढे गप्प बसायची लोकांना सवयच आहे.

दर गुरुवारी सकाळी मी चादरींचे गठ्ठे घेऊन इस्पितळात पोचवायला जाते. दुपारपर्यंत दार बंद. म्हणून गुरुवारी खारूला कधी ठेवत नव्हते, ती सहा वर्षांची. ढब्बू दहाचा, उंच. दाराच्या चौकटीवर किल्ली असायची, तो टाचा उंचावून काढायचा, आत जाऊन पंखा लावून लोळायचा.

गेल्या वर्षी त्या रविवारी सून म्हणाली, "तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी माझी दिवसपाळी आलीय. जमेल का बघा ना, आई." मी म्हणाले, बघते. लेक म्हणाली, त्याच गुरुवारी ढब्बूला ठेव. मी दोघींचा विचार केला आणि ढब्बूला हो म्हटलं. म्हणजे मनात म्हटलं. सुई उचलली आणि टाका घातला.

त्या गुरुवारी मी गठ्ठे घेऊन निघाले तेव्हा म्हटलं, ढब्बू येईल नऊला. ढब्बू आला नाही. आली खारू. इस्पितळाची गाडी कोपऱ्यावर थांबते, तिथून सुनेनं तिला आमच्या जिन्यापाशी सोडलं, आज मी घरी थांबले असेन असं धरून "जा, आजी वर आहे" म्हणाली आणि गाडीत बसली. पोर दोन मजले चढून आली. दाराला कुलूप. दारापुढचा जिना बाहेरून आहे, दिवसभर उन्हात तापतो. ती तिथे किती वेळ बसली कुणाला माहीत नाही. तिला किल्ली कुठे असते ते माहीत होतं, ढब्बूनं दाखवलं होतं. तिचा हात पोचेना. मग ती जिन्याच्या कठड्यावर चढली.

खालच्या दुकानदारानं तिला उचललं. मी गठ्ठे मोजून देत होते त्याच इस्पितळात तिला आणलं, आणि मला अर्ध्या तासानं कळलं.

ती वाचली. उजवा पाय मांडीत दोन ठिकाणी मोडला, तीन वेळा चिरला, आणि डाव्यापेक्षा आखूड राहिला. आता लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून चालते.

इस्पितळाच्या बाकावर सून म्हणाली, "हिरवा टाका होता."

मी म्हणाले, "निळा होता. माझ्या हातानं घातलाय."

"आई, मी रविवारी नीट बघितला."

"रात्रपाळ्या करून तुझे डोळे उघडे तरी असतात का? निळ्याला हिरवा बघून पोर उन्हात सोडून गेलीस."

लेक भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे मी बघितलं. "आणि तू? तू ढब्बूला का नाही पाठवलंस?"

"मला वाटलं..." ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "विसरले असेन, आई."

मुलानं दोघींकडे बघितलं आणि मग आपल्या बायकोकडे. त्या बघण्यात काय होतं ते मी ओळखलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. घरी येऊन मी फडकं भिंतीवरून काढलं, ट्रंकेत टाकलं, वर कुलूप लावलं. म्हणाले, हे परत कुणी डोळ्यांसमोर आणायचं नाही. दाखव म्हणायची कुणाची छाती नव्हती.

थंडीच्या दिवसांत मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. तेव्हा मोतीबिंदू उघडा पडला. डोळ्याच्या डॉक्टरकडे मला कुणी नेलं? सुनेनंच. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रोज येऊन त्यात थेंब घालायची. बाटली हातात घ्यायची, नाव वाचायची, परत वाचायची, मग शेजारणीला हाक मारून विचारायची, "हे निळ्या झाकणाचंच ना हो?" मी वैतागले. "नर्स ना तू? झाकणाचा रंगसुद्धा दुसऱ्याला विचारतेस?" तिनं खाली मान घालून थेंब घातले.

पट्टी निघाल्यावर मला जग निळं दिसलं. खिडकीची चौकट, बादली, लेकीचा जुना झगा. मी त्याला राखाडी समजत होते. महिन्याभरानं, यंदाच्या सुट्टीसाठी नवं फडकं आखावं म्हणून मी ट्रंक उघडली. जुनं फडकं वरच होतं. तिसरी ओळ, पाचवं घर.

हिरवा.

मी ते उजेडात नेलं. एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. न कापलेल्या डोळ्यानं तो टाका निळ्यासारखाच काळपट दिसत होता. कापलेल्या डोळ्यानं हिरवागार. कात्री हातात होती. एक टाका उसवून दुसरा घालायला मला जांभई देण्याइतका वेळ लागतो. उसवला नाही. मोठ्या मनाची म्हणून नव्हे. दोरा काढला तरी सुईची भोकं राहतात, ती मला रोज दिसली असती. फडकं परत ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं, आणि तीन महिने तोंड मिटून बसले.

यंदाच्या रविवारी सगळे आले. नवं फडकं भिंतीवर कोरंच होतं. खारू कोपऱ्यात गठ्ठ्यावर बसून बुटाचे पट्टे सोडत-बांधत होती. आता सात वर्षांची झाली. ढब्बूला खाली खेळायला पाठवलं होतं.

मुलगा उभ्यानंच म्हणाला, "आई, खारूचं काही शिवू नकोस. ती माझ्या मावसबहिणीकडे जाईल. आठही आठवडे."

"इतक्या लांब?"

"तिकडे कुणीतरी घरी असतं. आणि जमलं तर शाळासुद्धा तिकडेच. मी बोललोय." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "जिला एक टाका बघता येत नाही तिच्यावर मी पोर सोडणार नाही."

सुनेनं वर बघितलं नाही. मांडीवरचा हात मात्र घट्ट मिटला. लेक म्हणाली, "दादा, असं काय?" पण जोर नव्हता. खारूनं पट्टा बांधता बांधता विचारलं, "आई पण येणार ना?"

मी गप्प बसले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. मुलगा माझ्या बाजूचा, सून हरलेली, माझी खुर्ची जागच्या जागी. फक्त पोरगी आईपासून तुटली असती.

मी उठले. ट्रंक उघडली. जुनं फडकं मुलाच्या मांडीवर टाकलं.

"तिसरी ओळ. पाचवं घर. रंग सांग."

त्यानं फडकं उलगडलं, बोट त्या घरावर येऊन थांबलं.

"दातखीळ बसली का? सांग."

"हिरवा."

"मोठ्यानं सांग. तिला ऐकू जाऊ दे."

"हिरवा आहे, आई."

"मला निळा दिसला होता. डोळा कापल्यावर कळलं. तुझी बायको खरं बोलत होती. आणि तुझी बहीण काही विसरली नव्हती. निळा टाका नव्हताच, ती काय पाठवणार?" लेकीचा चेहरा वाकडा झाला, तिनं तोंडावर पदर घेतला. "चूक माझी. झालं?"

झालं, असं मीच म्हणाले. माझी कबुलीसुद्धा हुकूम दिल्यासारखीच असते.

सून उठली. खोलीत पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पट्टी निघाल्यावर महिन्याभरानं."

"म्हणजे तीन महिने."

"तीन."

तिनं मान हलवली, जणू कुणाचा ताप किती ते ऐकलं. मग हळूच म्हणाली, "आई, मी औषधं द्यायचं काम सोडलंय. गेल्या वर्षीच. मीच सांगितलं वॉर्डात, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. दोन झाकणं समोर आली की हात थरथरायचा. आता मी खाटा साफ करते. तुमच्याच चादरी घालते." ती थांबली. "मला वाटायचं, मीच निळ्याचा हिरवा बघितला. वर्षभर वाटायचं. रोज."

"मग आता सांग त्यांना, डोळे ठीक आहेत म्हणून."

"कुणाला सांगू? ह्या हाताला?"

मुलगा म्हणाला, "अगं, ऐक..." तिनं त्याला हातानंच थांबवलं. "तुम्ही सुद्धा फडकं बघायला मागितलं नाहीत. एकदासुद्धा."

तिनं खारूला उठवलं. "सुट्टीत ही माझ्याबरोबर राहील. वॉर्डात बाहेरच्या बाकावर बसवीन, नाहीतर बिनपगारी रजा घेईन. माझं मी बघेन." फडकं तिनं घडी घालून पिशवीत ठेवलं. मला ते हवं होतं. मागितलं नाही.

दारात ती थांबली. चौकटीवर हात फिरवला, किल्ली काढली. वर्षभर ती तिथेच होती, मी हलवली नव्हती. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली.

"ही वर नका ठेवत जाऊ, आई."

मग दोघी जिना उतरू लागल्या. एक पाऊल हलकं, एक लोखंडी. पायऱ्या चोवीस आहेत. मुलगा त्यांच्यामागे दोन पायऱ्या सोडून चालत होता, जवळ जायची हिंमत नसल्यासारखा. लेक ढब्बूला घेऊन थोड्या वेळानं गेली. जाताना "येते, आई" म्हणाली, पण कधी ते म्हणाली नाही.

नव्या फडक्यावर मी एकही टाका घातला नाही. लेकीनंही यंदा ढब्बूची दुसरीकडे सोय केलीय. फोनवर सांगितलं तिनं. मी म्हणाले, नक्की ना? ती हसली नाही.

पहिला आठवडा संपला तेव्हा मी सुताराला बोलावलं. दाराशेजारी भिंतीत खिळा मारायचा होता, किल्ली अडकवायला. मी बोट ठेवून जागा दाखवली.

सुतार म्हणाला, "मावशी, इतका खाली? तुम्हाला वाकावं लागेल."

"वाकेन."

"लहान मूल आहे वाटतं घरात?"

"पुढच्या सुट्टीत आठ वर्षांची होईल. पण पाय आखूड आहे, त्या मानानं धर," मी म्हणाले. "आणि चौकशा पुरे. ठोक."