फुंक्याचं तोंड

फुंक्यानं कोंबड्याचं अख्खं डोकं तोंडात घेतलं आणि ओढ घेतली. नरड्यात साकळलेलं रक्त गालात आलं. ते त्यानं बाजूच्या मातीत थुंकलं आणि डोकं पुन्हा तोंडात घेतलं. दुसऱ्या ओढीला कोंबडा खाकरला. मग फुंक्यानं त्याची चोच दोन बोटांनी उघडून आत हळूच वारा भरला, पंख उचलून काखेत गरम वाफ सोडली, आणि मानेवरून अंगठा फिरवत तो त्याच्याशी काहीतरी पुटपुटला.

"उठला! फुंक्यानं उठवला!" कठड्यापाशी कुणीतरी ओरडलं, आणि पैजा पुन्हा चढल्या.

त्याचं खरं नाव आता पंचांच्याही लक्षात नव्हतं. बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या शेडमध्ये दर रविवारी झुंजी लागत. अर्धमेल्या पक्ष्याला तोंडानं उभा करणारा तिथं हा एकच, म्हणून फुंक्या. झुंजीच्या दोन पाळ्यांच्या मध्ये थोडी उसंत मिळते. तेवढ्यात धन्यानं पक्ष्याचं काय हवं ते करावं, पण पंचांनी हाळी दिली की पक्षी चुन्याच्या रेषेवर दिसला पाहिजे. नाही दिसला तर हरला. फुंक्याचा पक्षी रेषेवर आला नाही, असं आजवर झालं नव्हतं. तिथं येऊन मेला असेल, ती गोष्ट वेगळी.

आज त्याची लेक पहिल्यांदाच इथं आली होती. पाण्याच्या पिंपाशेजारी, पायाशी बॅग ठेवून ती उभी होती. तिचा खालचा ओठ सुजून एका बाजूला कलला होता आणि त्यावर खपली धरली होती. लहानपणी रविवारी बाप घरी आला की ती पलंगाखाली शिरायची. पापा हवा तर आधी तोंड धुवा, असा हट्ट. तो साबण लावून धुवायचा, तरी तिला वास यायचाच. पुढं पुढं त्यानं मागणंच सोडलं.

बुधवारी ती माहेरी आली होती. न्हाणीघरात पाय घसरला, म्हणाली. लग्नाला अजून तीन वर्षंही झाली नव्हती आणि तिचा पाय घसरण्याची ही तिसरी वेळ होती. आईनं तिच्या ओठाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," आई म्हणाली. "ओरडून सांगायचं कुणाला? भांड्याला भांडं लागतंच."

फुंक्यालाही ते पटलं होतं, म्हणजे पटवून घेणं सोयीचं होतं. आधीच्या दोन्ही वेळी लेकीला त्यानंच सांभाळलं. गरम पाण्याचा शेक दिला, मऊ जेवण चमच्यानं भरवलं, दिवसभर झोपू दिलं. "दुखतंय का?" तो अधूनमधून विचारायचा. "नाही आता," असं ती म्हणाली की तिची बॅग उचलून तो बसथांब्याकडे निघायचा.

आज सकाळी जावयाचा फोन आला, घ्यायला येतो म्हणून. आई कामावर गेली होती.

"मी तुमच्याबरोबर येते," लेक म्हणाली.

"ती काय बायकांची जागा आहे?"

"घरात एकटी नाही थांबणार."

बॅग मात्र तिनं भरून सोबत घेतली होती. ती पाहून फुंक्याला हायसं वाटलं होतं. जायची तयारी आहे म्हणजे भांडण मिटलं, असा त्यानं अर्थ लावला.

दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधीच, घराला कुलूप पाहून, जावई शेडमध्ये शिरला. पांढरा सदरा, नाकाला रुमाल. तो कॉलेजात शिकवत असे, आणि त्याचं "चुंबन: शास्त्र आणि इतिहास" हे व्याख्यान ठिकठिकाणी गाजत असे. फुंक्यानंही एकदा इस्त्रीचे कपडे घालून ते पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. अर्धं डोक्यावरून गेलं, पण टाळ्या ऐकून त्याची छाती फुगली होती.

"अरे, हे तर मुकेवाले सर!" गर्दीतला एकजण ओरडला. "सर, आमच्या फुंक्यानं कोंबड्याचा मुका घेतला. त्याचं काय शास्त्र?"

जावयानं सासऱ्याचं रक्तानं माखलेलं तोंड पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. रुमाल खिशात गेला, फोन बाहेर आला.

"थांबा बाबा, पुसू नका." त्यानं फोटो काढला. "व्याख्यानात दाखवीन. अहो, चुंबनाचं मूळ अशाच गोष्टींत असावं. आई घास चावून लेकराच्या तोंडात द्यायची, त्यातून ते आलं, असं काहीजण मानतात. काहीजण म्हणतात, माकडं एकमेकांच्या अंगावरचे किडे ओठांनी ओढून काढतात, त्यातून. म्हणजे प्रेम मागाहून आलं. आधी होती ती निगा."

"आमच्या घरी निगाही नाही आणि मुकाही नाही!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"जगातल्या अर्ध्याअधिक समाजांत नवराबायको ओठांचं चुंबन घेतच नाहीत," जावई हसत म्हणाला. "तुम्ही बहुमतात आहात, काळजी नको."

हशा पिकला. माणूस बोलायला गोड होता, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवरही चुंबनाचा उल्लेख सापडतो, हे त्यानं सांगितलं तेव्हा पैजा लावणारेही नोटा मोजायचे थांबले.

"आणि मेंदूत त्या वेळी अशी रसायनं सुटतात," तो बायकोकडे पाहत म्हणाला, "की माणूस निवतो. झालंगेलं विसरतो."

लेक त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. तिचं लक्ष त्याच्या उजव्या हातावर होतं.

"रेषेवर!" पंचांनी हाळी दिली.

दोन्ही कोंबडे सुटले आणि हवेतच एकमेकांवर आदळले. पायांना बांधलेली पाती लखलखली. फुंक्याचा पक्षी वर होता तोवर बरं चाललं होतं. खाली येताना समोरच्यानं पाय झाडला आणि पातं पंखाखाली बुडापर्यंत शिरलं. दोघं अडकले. सुटायच्या धडपडीत समोरच्यानं चोचीनं याचा डावा डोळा टिपला, एकदा आणि मग त्याच जागी पुन्हा पुन्हा. पुढच्या रांगेतल्यांच्या कपड्यांवर रक्त उडालं आणि ते खूष होऊन ओरडले. फुंक्याचा पक्षी ओरडत नव्हता. आंधळ्या बाजूनं गोल फिरत तो हवेतच पाय मारत होता. शेवटी पंचांनी काठी मध्ये घालून दोघांना सोडवलं.

फुंक्यानं त्याला उचलून पिंपापाशी आणलं आणि उकिडवा बसला. डोकं तोंडात घेतलं. या वेळी रक्त पातळ होतं आणि थांबत नव्हतं. लेक शेजारी वाकली.

"जगेल?"

"उभा राहील."

"मी जगेल का विचारलं."

फुंक्यानं थुंकून पुन्हा ओढ घेतली.

जावईही जवळ आला. सदऱ्याला डाग पडू नयेत म्हणून बाह्या आवरून तो बायकोसमोर बसला आणि तिची हनुवटी दोन बोटांत धरून वर केली.

"बघू, किती लागलंय माझ्या राणीला?" चार लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात तो म्हणाला, आणि त्यानं तिच्या सुजलेल्या ओठावर ओठ टेकले.

ती हलली नाही. फक्त तिचे खांदे कानांपर्यंत वर आले आणि पायाची बोटं चपलेत आखडली. तोंडात कोंबड्याचं डोकं घेऊन फुंक्या हातभर अंतरावरून पाहत होता. खपली सुटली. तिच्याखाली चार बारीक खुणा होत्या, कमानीत बसलेल्या. पडल्यानं ओठ फाटतो, असा कुणाच्या दातांच्या कमानीत फाटत नाही. या खुणा त्यानं बुधवारी शेक देतानाही पाहिल्या होत्या आणि कानाडोळा केला होता.

जावई मागं सरला. त्याच्या ओठाला रक्त लागलं होतं. रुमालाची घडी न मोडता त्यानं ते टिपलं.

"झालं. आता घरी जाऊ," तो म्हणाला आणि उठला.

फुंक्यानं कोंबड्याचं डोकं तोंडातून बाहेर काढलं. लेकीनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बापाच्या.

"तुमच्या हाताला गुण आहे, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसलं नाही. "दर वेळी मला उभी करता तुम्ही."

"रेषेवर!"

फुंक्याच्या मांडीवर कोंबडा चुळबुळला. एक डोळा गेला होता, एक पंख लोंबत होता, तरी हाळी ऐकताच तो रेषेच्या दिशेनं मान काढून पाय ओढू लागला. त्याला तेवढंच शिकवलेलं होतं. फुंक्यानंच शिकवलं होतं. त्यानं मान वळवली, तर लेकीनंही बॅगेचा पट्टा खांद्याला लावला होता आणि ती नवऱ्याच्या मागं निघाली होती. कुणी तिला ओढलंही नव्हतं.

"फुंक्या, आण लवकर!"

फुंक्यानं कोंबड्याच्या पायावरची दोरी सोडायला घेतली. बोटं रक्तानं निसरडी झाली होती म्हणून गाठ दातांनी ओढली. दोरी सुटली, पातं हातात आलं. पातं सोडलं म्हणजे झुंज सोडली, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. क्षणभर कुणाचा विश्वासच बसला नाही.

मग त्याच्याच पक्ष्यावर पैसे लावलेले लोक कठडा ओलांडून आले. पहिली थप्पड कानाखाली बसली. कुणीतरी केस धरले, कुणाचा तरी बूट थेट तोंडावर आला आणि पुढचा दात जिभेवर सुटून पडला. फुंक्या कोंबड्यावर ओणवा झाला आणि लाथा पाठीवर घेत राहिला. "विकला गेला साला!" असं कोणीतरी कोकलत होतं. पंचांनी काठ्या चालवून लोक मागं हटवले, तेव्हा तो कसाबसा उठला. कोंबडा काखेत होता.

दाराशी जावयानं लेकीचं मनगट धरलं होतं. ती थांबून मागं पाहत होती आणि तो तिला खेचत होता.

"सोडा तिला," फुंक्या म्हणाला. दात नसल्यानं शब्द फसकन बाहेर आला.

"काय तमाशा लावलाय, बाबा? लोक बघताहेत."

"सोडा, जावईबापू."

"अहो, मी काय पळवून नेतोय का तिला?" जावई कुचेष्टेनं हसला. "तुम्हीच तर पाठवता दर वेळी."

हे खरं होतं. फुंक्याला लाथांपेक्षा ते जास्त लागलं.

"पाठवत होतो," तो म्हणाला.

जावई पुढं काही बोलणार होता, पण त्याची नजर सासऱ्याच्या मुठीवर गेली. पातं अजून तिथंच होतं. ते आपल्या हातात आहे, हे फुंक्याच्याही तेव्हाच ध्यानात आलं. त्यानं ते टाकलंही नाही आणि उगारलंही नाही. जावयानं मनगट सोडलं. सदरा झटकत, वकिलाचं नाव घेत तो गाडीकडे गेला, आणि बसल्याबरोबर त्यानं आतून दार लावून घेतलं.

गिरणीच्या फाटकाबाहेर नळ होता आणि नळासमोर बसथांबा. फुंक्यानं पातं गटारात टाकलं आणि तोंड धुतलं. पाणी बराच वेळ लालच येत होतं. मग तो थांब्याच्या बाकावर लेकीशेजारी बसला. कोंबडा दोघांच्या मध्ये तिच्या ओढणीवर होता. त्याच्या नरड्यात घरघर लागली तशी सवयीनं फुंक्याची मान खाली गेली, ओठ चोचीपर्यंत पोचले. तिथंच तो अडला. त्यानं लेकीकडे पाहिलं.

"काय करू?" आयुष्यात त्यानं तिला असं कधी विचारलं नव्हतं.

तिनं कोंबड्याच्या पाठीवर तळवा ठेवला.

"राहू दे. जाऊ दे त्याला."

दोघं तसेच बसले. घरघर विरळ होत गेली आणि थांबली. लेकीनं ओढणीचं टोक त्याच्या डोळ्यावर ओढलं.

वळणावर बस दिसली. तिच्या सासरच्या गावाची. आधीच्या दोन्ही वेळी फुंक्यानं तिला याच बसमध्ये बसवून दिलं होतं, खिडकीशी, हात हलवत. त्यानं तिच्या ओठाकडे पाहिलं, या वेळी नजर न चोरता.

"दुखतंय का?"

ती सवयीनं बोलायला गेली आणि थांबली.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय, बाबा."

फुंक्यानं तिची बॅग बाकाखाली सरकवली. बस आली, थांबली. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहत हॉर्न वाजवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि गाडी पुढं काढली.